डाव्या हाताचा ब्रश

“बाई, तो पुरुषांचा ब्रश आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणाले, आणि ब्रश डाव्या हातात धरून स्वतःच्या उजव्या गालावर गोल गोल फिरवत राहिले.

मिरजेच्या बाजारातलं ते दुकान सलूनचं सामान विकायचं. खुर्च्या, वस्तरे, तुरटीच्या वड्या, हिरवं पाणी भरलेले फवारे. बायकांनी तिथं पाय ठेवायचं काही कारण नव्हतं. शेजारी दोन सलूनवाले ब्लेडची पाकिटं घ्यायला आले होते, ते पाकिटं विसरून माझ्याकडे बघत उभे होते.

“पावडर लावायला पाहिजे असेल तर पलीकडं कटलरीत मिळेल,” दुकानदार समजुतीनं म्हणाला.

“पावडर नाही. दाढीच करायची आहे.”

दोघा सलूनवाल्यांनी एकदम माझ्या हनुवटीकडे पाहिलं. मीही ती त्यांना नीट दिसावी म्हणून जरा वर केली.

दुकानदारानं मग नाद सोडला आणि धंद्याला लागला. “हा घ्या, इम्पोर्टेड. बॅजरचे केस.”

“बॅजर म्हणजे?”

त्यानं थोडा विचार केला. “परदेशात असतो. अस्वलासारखा. पण लहान.” किंमत ऐकून वाटलं, तेवढ्यात आख्खा बॅजर यायला हवा.

“आणि हा?”

“हा डुकराचा. कडक, मजबूत. जुनी माणसं हाच वापरायची.”

मी तो उचलला आणि तशीच थांबले. अगदी असाच ब्रश आमच्या घरी न्हाणीघरातल्या कोनाड्यात उभा होता. आप्पांचा. म्हणजे माझे सासरे उभा जन्म डुकराच्या केसांनी तोंडाला फेस लावत आले होते, आणि त्यानंतर आंघोळ करून, सोवळं नेसून देवपूजेला बसत होते. ही गोष्ट मी त्या दुकानातच पोटात ठेवली. देवाला सांगायची गरज नव्हती. त्याला ठाऊक असणारच, आणि त्यानं इतकी वर्षं चालवून घेतलं होतं तर मध्ये बोलणारी मी कोण?

“याचे केस गळतात का?”

“नवीन असताना थोडे. आणि जुना झाला की परत. केस म्हटल्यावर गळायचेच, बाई.” आणि पुराव्यादाखल त्यानं स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

“न गळणारा दाखवा.”

त्यानं खालच्या फळीवरून एक ब्रश काढला आणि दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसा माझ्यापुढे ठेवला. “सिंथेटिक. म्हणजे प्लॅस्टिकच झालं. जाणकार गिऱ्हाईक घेत नाही.”

मी जाणकार नव्हते. मी तो गालावर दाबला. मऊ लागला. दाबून सोडला की केस उसळून पुन्हा ताठ. चिमटीत धरून ओढून पाहिले, एकही हाताला आला नाही. मूठ चांगली जाडजूड, मुलांच्या भोवऱ्यासारखी, पण हलकी. डाव्या पंजात बरोबर बसली. दुकानदाराच्या पाण्याच्या ग्लासात मी तो बुडवला, खसकन झटकला आणि काउंटरवरच्या साबणाच्या वडीवर चार वेळा फिरवला. एवढ्याशा ओलीतही साईसारखा फेस आला आणि ब्रशवरच बसून राहिला, खाली टपकला नाही.

“हाच द्या.”

“कुणासाठी पण?”

“सासऱ्यांसाठी.”

“मग त्यांनाच आणायचं की. आपल्या हातानं बघून घेतील.”

“आणलं असतं. पण ते शिव्या देतात.”

सगळे हसले. “कोण सासरे?”

“आप्पासाहेब म्हैसाळकर.”

पुडी बांधता बांधता दुकानदाराचा हात थांबला. “काहीतरीच काय बोलता, बाई!” तो खरोखरच दुखावला होता.

त्याचंही बरोबर होतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या काळच्या मिरजेत कुणालाही विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं की आप्पासाहेबांसारखं गोड बोलणारा माणूस पंचक्रोशीत नाही. नोकरी बँकेतली, पण खरा पेशा बोलण्याचा. सत्कार असो, उद्घाटन असो, माइकसमोर आप्पा. शोकसभा तर त्यांच्याशिवाय होतच नसे. ते दोन शब्द बोलल्याशिवाय गेलेल्या माणसालासुद्धा आपण गेलो अशी खात्री पटत नसावी. घरातही तसंच. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून ते मला “आपण” म्हणत. “सूनबाई, आपला चहा झाला का?” स्वयंपाकघरात येण्याआधी दारात खोकत. आमच्या अंगणात येणाऱ्या कुत्र्यालाही “आपण जरा सरता का?” असं विचारत, आणि ते सरतही असे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओघळलं आणि वाचा गेली. आठवड्याभरानं डॉक्टर राउंडला आले, वाकून मोठ्यानं म्हणाले, “आप्पासाहेब, नाव सांगा बघू तुमचं.”

आप्पांनी खूप जोर केला. कपाळावर घाम आला. आणि शेवटी स्वच्छ, खणखणीत आवाजात ते म्हणाले, “भडव्या.”

नर्सच्या हातातला ट्रे वाजला. माझा नवरा श्रीनिवास खिडकीबाहेर पाहू लागला.

“अरे वा,” डॉक्टर खुश होऊन म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं. “बोलण्याची मुख्य खोली पडलीय असं समजा. पण शिव्या बहुतेक परसातल्या शेडमध्ये ठेवलेल्या असतात. त्या वाचतात. पुष्कळ पेशंटचं असं होतं. अर्थ लावत बसू नका.”

अर्थ न लावणं सोपं होतं डॉक्टरांना. त्यांच्या घरी कुणी त्यांना सकाळी चहाबरोबर “रांडेच्या” म्हणत नव्हतं. मला म्हणत होते. मीच पाणी देणार, मीच औषध देणार, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला. शिवाय सगळ्या पुल्लिंगी. इतकी वर्षं शुद्ध मराठी बोललेल्या माणसानं निदान लिंग तरी सांभाळावं असं मला फार वाटायचं.

श्रीनिवासला मात्र ते काहीच म्हणत नसत. तो खोलीत गेला की भिंतीकडे बघत.

खरा घोळ झाला दाढीचा. उजवा हात गेला म्हणजे दाढी गेली. नेहमीचा सलूनवाला घरी बोलावला. त्यानं टॉवेल बांधला, आप्पांनी त्याला तीन शिव्या घातल्या, आणि तो बिचारा हात जोडून “आप्पासाहेब, तुम्हीसुद्धा?” म्हणत निघून गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी स्टेशनपर्यंत पोचली, ऐकणाऱ्याला खरी मात्र वाटेना. त्यानंतर आप्पा खोलीबाहेर येईनात. श्रीनिवासनं बॅटरीवर चालणारं मशीन आणलं, ते त्यांनी डाव्या हातानं भिरकावलं. एकदा मी त्यांचा जुना ब्रश भिजवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कसाबसा फिरवला. पाणी ओघळून तोंडाच्या लोंबत्या कोपऱ्यातून आत गेलं, त्याबरोबर ब्रशचा एक राठ केसही गेला, आणि ठसका लागून ते काळेनिळे पडले. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी गेलं म्हणून डॉक्टरांनी मला झापलं.

दाढी वाढत गेली. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, आप्पासाहेबांनी संन्यास घेतला. आप्पांनी कपाटाच्या आरशाकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली.

आणि त्यातच तात्या बेडगकर गेले.

तात्या म्हणजे आप्पांचे शाळेपासूनचे मित्र. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आप्पा जितके सागाच्या फळीसारखे तासून-रंधून गुळगुळीत, तितके तात्या ओबडधोबड. निवृत्तीनंतर दोघं रोज संध्याकाळी कृष्णाघाटावर जाऊन बसत. काय बोलत, कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांना झटका आला तेव्हा तात्याही दम्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यामुळे शेवटी शेवटी दोघांची भेट झालीच नाही. श्रीनिवासनं आप्पांना ही बातमी सांगितली तेव्हा ते कुणालाच काही बोलले नाहीत. मलाही नाही. ते मात्र मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

शोकसभा रविवारी सकाळी होती. शुक्रवारी जेवताना श्रीनिवास हळूच म्हणाला, “आप्पांना नाही नेता येणार, वसुधा. सगळं गाव असेल तिथं. सलूनवाल्याचं ठीक आहे. तिथं, फोटोसमोर, माइकवर काही बोलले तर?”

“माइक कशाला देतील त्यांना?”

“आप्पांना माइक लागतो?”

एवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. आप्पा दारात उभे होते. कित्येक दिवसांनी खोलीबाहेर आले होते. काठी काखेत धरून, भिंतीला टेकत टेकत ते टेबलापर्यंत आले, आणि डाव्या हातातला आपला दाढीचा पितळी मग त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हरामखोर.”

“बरं,” मी म्हणाले. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून शनिवारी मी त्या दुकानात होते.

घरी आल्यावर मी श्रीनिवासला खुर्चीत बसवलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून सुया टोचायचे, त्यामुळे हात स्थिर होता. पण दाढी कधी केली नव्हती, आणि पहिला प्रयोग आप्पांवर करणं बरं नव्हतं.

“माझ्यावर?” त्यानं दोन्ही हातांनी आपली दाढी झाकली. लग्नाच्याही आधी त्यानं ती मोठ्या हौसेनं वाढवली होती, कातरून टोकदार केली होती.

“पितृऋण समज.”

पहिल्या खेपेला मी ब्रश भरपूर पाणी घेऊन जोरात दाबून फिरवला. जुन्या ब्रशची सवय डोळ्यांना होती. नव्याचे केस असे उसळले की फेस श्रीनिवासच्या गालावर कमी आणि आरशावर, दिव्याच्या बटणावर आणि कॅलेंडरवरच्या दत्ताच्या तिन्ही तोंडांवर जास्त बसला. मग कळलं, याला धसमुसळेपणा चालत नाही. पाणी झटकून टाकायचं, साबणावर नुसतं हलकं फिरवायचं, आणि गालावर टेकवायची ती फक्त टोकं. भिंतीला रंग द्यावा तसं वर-खाली. बाकीचं काम तो स्वतःच करतो.

अर्धी दाढी उतरल्यावर श्रीनिवास एकदम म्हणाला, “वसु, आप्पा मला का शिव्या देत नाहीत?”

“नशीबवान आहेस म्हणून. हलू नकोस.”

“लहानपणापासून मला ‘आपण’च म्हणायचे. नापास झालो तेव्हासुद्धा. ‘आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ शेजारच्या पोरांना बाप बदडायचे, ते बघून मला हेवा वाटायचा.”

मी उरलेली दाढी काढली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याची हनुवटी उन्हात पाहत होते. तीत अगदी आप्पांसारखी खाच होती.

रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात ऊन आलं तेव्हा मी आप्पांना तिथं बसवलं. गळ्याशी टॉवेल. मानेमागे उशी. पाण्यात बुडवून झटकलेला ब्रश साबणावर फिरवून मी तो त्यांच्यापुढे धरला. ब्रश आपण फिरवायचा नाही, असं मी ठरवूनच आले होते. ज्या माणसानं इतकी वर्षं माझ्यासमोर बनियनवर यायचं टाळलं, त्याच्या गालावर मीच फेस फासावा हे मला बरं वाटेना. फेस त्यांनी लावायचा, पातं तेवढं मी चालवायचं. ती जाड मूठ मी त्यासाठीच घेतली होती.

आप्पांनी ब्रश डाव्या हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. नाकाशी नेला. अंगठ्यानं केस दाबले, ते टुणकन उसळले.

“च्यायला,” ते म्हणाले. त्यात बरीच नापसंती होती.

“डाव्या हातासाठीच घेतलाय, आप्पा. जोर नाही लावायचा. नुसता टेकवायचा.”

पहिला फटका कानात गेला. दुसरा चष्म्यावर. मी चष्मा काढून घेतला. तिसरा मिशीत. मला हसू येत होतं आणि ते दाबायला मी बादलीत उगाच हात घालत होते. मग हळूहळू त्यांच्या मनगटाला युक्ती सापडली. ब्रश गालावर वर गेला, खाली आला. फेस जिथं लावला तिथंच राहत होता. ओठाच्या ओघळलेल्या कोपऱ्याशी मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण आत काही गेलं नाही, ठसका लागला नाही. आप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ ते नुसते फिरवत राहिले, फेस पुरेसा झाल्यावरही. मी थांबवलं नाही. बधिर, निकामी उजव्या गालावरून तो ब्रश पुनःपुन्हा जात होता, जणू हा गाल आपलाच आहे की नाही याची खात्री करून घेत होता.

शेवटी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि हनुवटी वर केली.

“थोडंसं टोचेल हं,” लॅबमधल्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

“भडव्या,” आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

ढिला गाल एका हातानं ताणून मी पातं फिरवलं. एकदाच, कानाच्या पाळीखाली, रक्ताचा टिपूस आला. त्यावर तुरटी लावली. तोंड पुसून आरसा समोर धरला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला एक शिवी दिली, जी मी आधी ऐकली नव्हती आणि इथं लिहिणारही नाही. पण ती इतक्या हळू आवाजात दिली की मी नकळत मान डोलावून “असू दे” म्हणाले.

तात्यांच्या घरासमोरच मांडव घातला होता. पुढच्या रांगेत त्यांची बायको गोदूकाकू बसली होती, डोळे कोरडे, चेहरा दगडासारखा. आम्ही आप्पांना कडेच्या खुर्चीवर बसवलं. श्रीनिवासनं त्यांचा डावा हात धरून ठेवला होता, पोलिसानं धरावा तसा.

भाषणं सुरू झाली. आता आप्पांच्या जागी एक प्राध्यापक ढवळे माइक धरत. त्यांनी सांगितलं, तात्या ऋषितुल्य होते. युनियनचे एक जण म्हणाले, तात्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही. यावर मागे बसलेल्या, एकेकाळी तात्यांच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या तीन-चार निवृत्त फायरमननी एकमेकांकडे पाहिलं. कुणी अजातशत्रू म्हणालं, कुणी निर्व्यसनी. गोदूकाकूचा चेहरा आणखी आणखी बंद होत गेला.

“आणखी कुणाला दोन शब्द…” ढवळे म्हणाले, आणि आप्पा उठले.

श्रीनिवासनं हात ओढला. आप्पांनी झटका देऊन सोडवून घेतला. काठी टेकत, पाय फरफटवत ते फोटोपर्यंत गेले. ढवळ्यांनी आदरानं माइक पुढे केला. श्रीनिवासनं डोळे मिटून घेतले. मीही मिटणार होते, पण राहवेना.

आप्पांनी फोटोकडे पाहिलं. गुळगुळीत केलेल्या त्या चेहऱ्यावर आता सगळं दिसत होतं, दाढीआड लपायला काही उरलं नव्हतं.

“भडव्या,” ते म्हणाले. “भडव्या… हलकट… रांडेच्या…” प्रत्येक शब्दाला आवाज फुटत गेला. “साल्या… हरामखोर… साल्या…” आणि मग शब्द संपले. फोटोच्या चौकटीला कपाळ टेकून ते उभ्या उभ्या हमसून हमसून रडू लागले.

मी उठून धावले. पण माझ्याआधी गोदूकाकू पोचली होती. आणि ती हसत होती. पदर तोंडात कोंबूनही हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“मगापासनं मला वाटत होतं, चुकीच्या मांडवात येऊन बसले का काय,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाई गं, कुणाबद्दल बोलताहेत ही माणसं! हा एकटा नीट बोलला.”

मागचे फायरमन उठून उभे राहिले. त्यांतल्या एकानं टोपी काढली. ढवळ्यांनी माइक बंद केला.

आप्पांना घरात नेऊन बसवलं, काकूनं त्यांना आपल्या हातानं चमच्या-चमच्यानं पातळ खिमट भरवलं. मी माफी मागायला लागले तर तिनं मला गप्प केलं.

“अगं, घाटावर बसून हे दोघं दुसरं काय करत होते? तासन्‌तास एकमेकाला शिव्या. मी दोनदा ऐकलंय, बरोबर गेले होते तेव्हा. तुझा सासरा आमच्या ह्यांना म्हणायचा, दिवसभर गोड बोलून तोंडाला मुंग्या येतात रे, बेडग्या. तुझ्यापाशी आलं की जरा मोकळं होतं.” तिनं आप्पांचं तोंड पुसलं. “दुसऱ्या कुणाला तो शिवी द्यायचा नाही. एवढा जीवच नव्हता लावलेला कुणाला.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते खिमट गिळण्यात गुंतले होते. डॉक्टरांनी अर्थ लावू नका असं सांगितलं होतं. पण डॉक्टरांना सगळंच कळतं असं कुठं आहे?

घरी जायला रिक्षा आणली. आप्पांना आत चढवताना श्रीनिवासनं घाईत त्यांचा पाय दारावर आपटला.

“गाढवा!” आप्पा कळवळून ओरडले. “गाढवा, मेल्या, डोळे फुटले?”

शिव्या सोडून दोन शब्द त्यात जास्तीचे आले होते, पण ते आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. श्रीनिवास रस्त्यात उभा राहिला. त्याच्या नव्या कोऱ्या हनुवटीवर ती खाच थरथरत होती.

“ऐकलंस?” तो मला म्हणाला. “मला म्हणाले.”

“ऐकलं. बस आता.”

तेव्हापासून रोज सकाळी व्हरांड्यात आमचा कार्यक्रम चालू झाला. फेस आप्पा लावत, पातं मी चालवत असे. ब्रश धुऊन झटकला की तासाभरात कोरडा. आप्पा पुन्हा बाहेरच्या खोलीत बसू लागले. आणि गावात एक विचित्र गोष्ट झाली. तात्यांच्या सभेची इतकी चर्चा झाली की लोक हळूच विचारायला येऊ लागले. आमच्या काकांची शोकसभा आहे. आप्पासाहेब येतील का? थोडंसं… मनापासून बोलतील का? आप्पा मानेनं नाही म्हणत. त्यांना सगळ्यांसाठी रडायचं नव्हतं.

मग एके दिवशी ऐनापुऱ्यांचे चिरंजीव आले. दादासाहेब ऐनापुरे म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, नुकतेच गेले होते. आप्पांनी वर्षानुवर्षं त्यांच्या वाढदिवसांची भाषणं लिहिली, आणि एकदा भर सभेत दादासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून “हा आमचा भाट” अशी ओळख करून दिली होती. आप्पा तेव्हा हसले होते. हे मला सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, सांगितलं होतं. त्या रात्री ते जेवले नव्हते, असंही.

दादासाहेबांचे चिरंजीव थेट व्हरांड्यात आले तेव्हा आमची दाढी निम्मी झाली होती. डावा गाल स्वच्छ, उजव्यावर फेस.

“बाबांची शोकसभा आहे,” ते म्हणाले. “मोठी आहे, मंत्री येताहेत. म्हटलं, आप्पासाहेबांनी त्या बेडगकरांच्या वेळी बोलले तसं… लोकांना फार भिडलं म्हणे.”

“तसं म्हणजे कसं?” मी विचारलं.

“म्हणजे… तेच ते शब्द. आमची हरकत नाही. उलट बाबा लोकांच्या किती जवळचे होते ते दिसेल.”

आप्पांनी डावा हात वर करून माझं पातं थांबवलं. खुर्चीत सावरून बसले. घसा खाकरला. झटक्यानंतर कधीच ऐकला नव्हता असा त्यांचा तो जुना, तुपात घोळलेला आवाज आला. एकही अक्षर अडखळलं नाही.

“भावपूर्ण श्रद्धांजली,” आप्पा म्हणाले.

चिरंजीव वाट पाहत उभे राहिले. पुढं काही येईना. माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. मग त्यांना काय कळलं कोण जाणे, चेहरा उतरला, आणि चहाला न थांबता ते निघून गेले.

फाटक वाजलं तसं मी पातं पाण्यात बुडवून झटकलं. आप्पांनी शांतपणे दुसरा गाल पुढे केला.